घेवड्याचे माहेर आणि निकोलाय व्हाव्हिलॉव्ह

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात पिकणाऱ्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दाण्यावरच्या पट्ट्यांमुळे पडलेले हे नाव इतके अस्सल मराठी आहे की हे पीक परदेशातून आले असेल अशी शंकाही कोणाला येऊ नये. श्रावणघेवड्याची गोष्ट तीच. ज्याच्या नावात आपला महिना येऊन बसला, त्याला परका कोण म्हणेल? परंतु वाघ्या घेवडा, श्रावणघेवडा आणि पंजाबी थाळीतला राजमा ही तिन्ही एकाच वनस्पतीची रूपे असून पाचशे वर्षांपूर्वी त्यांतले एकही भारताच्या भूमीवर नव्हते. वाण्याकडे डबल बी म्हणून मिळणारा मोठा चपटा दाणा हा त्यांचाच चुलतभाऊ. तोही दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहेत ते मूग, उडीद, तूर, कुळीथ आणि वाल.

घेवडा अमेरिकेचा, हे आज निःशंकपणे सांगता येते. मात्र युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ दीर्घकाळ त्याला आशियातील मानत आले होते. १८८० साली व्हिटमॅक या जर्मन शास्त्रज्ञाने पेरूमधील लिमा शहराजवळच्या आंकोन येथील प्राचीन थडग्यांत सापडलेले दाणे घेवड्याचे असल्याचे ओळखले, आणि जुन्या समजुतीला पहिला तडा गेला. त्याच सुमारास जिनिव्हाच्या आल्फोन्स द कांदोल यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या उगमावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. रानटी पूर्वज कोठे उगवतो, उत्खननात काय मिळते, प्रवाशांनी काय लिहून ठेवले आणि निरनिराळ्या भाषांत पिकाला कोणती नावे आहेत, या चार साधनांवर त्यांची सारी भिस्त होती. पाचवे साधन त्यांच्या हाती नव्हते. ते म्हणजे खुद्द वनस्पतीच्या अंगी असलेली आनुवंशिक विविधता. पिकाच्या रक्तातच त्याची वंशावळ लिहिलेली असते आणि ती वाचता येते, हा विचार ज्याने पद्धतशीरपणे मांडला आणि ज्याची किंमत प्राणांनी चुकवली, तो संशोधक म्हणजे निकोलाय इव्हानोविच व्हाव्हिलॉव्ह.

व्हाव्हिलॉव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्को येथे झाला. वडील खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातून शहरात येऊन कापडाच्या व्यापारात सधन झालेले. धाकटे बंधू सर्गेई पुढे नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झाले आणि १९४५ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या अध्यक्षपदी बसले. एका भावाला राज्यसत्तेने तुरुंगात संपविले आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत दुसऱ्याला विज्ञानाच्या सर्वोच्च आसनावर बसविले. स्टालिनच्या राजवटीतील ही विसंगती कोणत्याही राज्यशास्त्राच्या चौकटीत सहजासहजी बसत नाही.

मॉस्कोच्या कृषिसंस्थेत शिक्षण पुरे केल्यावर १९१३ साली ते इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन यांच्याजवळ राहिले. मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात येऊन तेव्हा तेराच वर्षे झाली होती आणि त्या नव्या शास्त्राचे बेटसन हे सर्वांत मोठे प्रवक्ते होते. महायुद्ध सुरू झाले आणि व्हाव्हिलॉव्ह मायदेशी परतले. १९१६ मध्ये इराणात तळ देऊन असलेले रशियन सैनिक तिथला पाव खाऊन आजारी पडू लागले. त्याचे कारण शोधण्यास त्यांना धाडण्यात आले. गव्हात मिसळलेल्या एका विषारी तणाच्या बियांचा तो प्रताप निघाला. सरकारचे काम तेवढ्यावर झाले. व्हाव्हिलॉव्ह यांचे काम तेथून सुरू झाले. इराण आणि पामीरच्या डोंगराळ प्रदेशातून फिरताना त्यांनी पाहिले की, सखल भागातील गव्हाच्या शेतात राई हे नुसते तण असते. जसजसे उंचावर जावे तसतसे गव्हाचे प्रमाण घटते, राईचे वाढते आणि अखेर थंडीपुढे गहू हार खातो व शेत राईचे होऊन जाते. म्हणजे उत्तर युरोपातील गरिबांचे मुख्य अन्न हे मूळचे एक तण होते आणि ते शेतकऱ्याने निवडण्याआधी हवामानाने निवडले होते. पीक कसे जन्माला येते याचा हा वस्तुपाठ त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाला नसता.

क्रांतीनंतर ते व्होल्गाकाठच्या साराटोव्ह येथे प्राध्यापक झाले. तेथेच १९२० साली त्यांनी आपला समांतर विविधतेचा नियम मांडला. परस्परांशी नाते असलेल्या वनस्पतींत बदलांच्या मालिकाही समांतर आढळतात; एका जातीत जी रूपे दिसतात तीच तिच्या भगिनीजातींत शोधावीत, बहुधा सापडतात, असे त्याचे सार. याच्या पाठोपाठ १९२१ चा भीषण दुष्काळ आला. व्होल्गाच्या खोऱ्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी व्हाव्हिलॉव्ह पेट्रोग्राडला गेले आणि उपयोजित वनस्पतिशास्त्राच्या केंद्राची सूत्रे त्यांनी हाती घेतली. जगातील प्रत्येक पिकाचा प्रत्येक वाण एका छताखाली आणावयाचा आणि त्यांतून रशियाच्या थंड व अवर्षणग्रस्त जमिनीला साजेसे नवे वाण घडवावयाचे, ही त्यांची योजना त्या दुष्काळाच्या छायेत आकाराला आली. तिला संग्राहकाचा छंद समजणे ही मोठी चूक ठरेल. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ही राष्ट्रीय भांडवलाची उभारणी होती. फरक एवढाच की, या भांडवलावरचे व्याज कधी आणि किती मिळेल हे आधी सांगता येत नव्हते.

पुढची बारा वर्षे हा मनुष्य क्वचितच स्वस्थ बसला असेल. १९२४ मध्ये अफगाणिस्तान घोड्यावरून आणि पायी पालथे घातले. १९२६-२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश आणि अबिसीनिया. १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान आणि कोरिया. तो कमी झोपे आणि सहकाऱ्यांनाही झोपू देत नसे, अशी ख्याती होती. भारत हे त्यांच्या मते पिकांच्या उगमाचे एक प्रमुख केंद्र. परंतु येथे त्यांना स्वतःला कधीच येता आले नाही.

उगमकेंद्रांचा हा सिद्धान्त त्यांनी १९२६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि तो द कांदोल यांच्या स्मृतीस अर्पण केला. कल्पना दिसावयास सोपी आहे. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाची सर्वाधिक विविधता सापडते तेथेच ते पीक बहुधा प्रथम जन्मले असले पाहिजे. कारण तेथे त्याला बदलांची पुंजी साठविण्यास सर्वांत जास्त काळ मिळालेला असतो. बाहेर गेलेले पीक मूठभर दाण्यांच्या रूपाने जाते आणि वंशाची थोडीच पुंजी बरोबर नेते. प्रथम त्यांनी अशी पाच केंद्रे सांगितली; १९३५ पर्यंत ती आठ झाली. बहुतेक केंद्रे डोंगराळ प्रदेशांत होती, मोठ्या नद्यांच्या सखल खोऱ्यांत नव्हती. इतिहासाची पुस्तके शेतीचा जन्म नाईल आणि युफ्रेटिसच्या काठी दाखवीत होती; वनस्पती मात्र निराळीच साक्ष देत होत्या.

घेवड्याच्या बाबतीत ही साक्ष अमेरिकेत मिळणार होती. त्यांचे सहकारी बुकासोव्ह आणि युझेपचुक आधीच तिकडे जाऊन आले होते. १९३० मध्ये व्हाव्हिलॉव्ह स्वतः निघाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॉर्नेल येथे कृषी अर्थशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे सोव्हिएत प्रतिनिधी म्हणून शेतीच्या समाजवादी पुनर्रचनेवर बोलून ते दक्षिणेकडे वळले आणि मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास हे देश त्यांनी पाहिले. इंडियन शेतकऱ्याच्या एकाच वावरात मका, त्याच्या ताटाला वेढलेला घेवड्याचा वेल आणि खाली पसरलेला भोपळा, हे दृश्य त्या प्रदेशात शतकानुशतकांचे आहे. १९३१ मध्ये त्यांनी मेक्सिको व मध्य अमेरिका हे नव्या जगातील पिकांचे मुख्य उगमकेंद्र असल्याचे प्रतिपादन केले. १९३२-३३ मध्ये ते पुन्हा गेले आणि पेरू, बोलिव्हिया, चिलीपर्यंत पोचले. अँडीज पर्वतात हे दुसरे स्वतंत्र केंद्र होते; तेथेही घेवडा होता, पण तो निराळा वाटत होता, दाणा मोठा होता.

एकाच पिकाची दोन माहेरे कशी? या प्रश्नाचा निकाल लागण्यास अर्धशतक जावे लागले. रानटी घेवडा १९४० च्या दशकात अर्जेंटिनाच्या वायव्य डोंगरात आणि ग्वाटेमालात सापडला आणि तो मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत हजारो किलोमीटर पसरला असल्याचे हळूहळू कळले. केवळ डोळ्यांनी पाहून यांतला कोणता आपल्या पिकाचा बाप हे सांगणे अशक्य होते. १९८६ साली पॉल गेप्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेवड्याच्या दाण्यातील फॅसिओलिन या प्रथिनाचा आधार घेतला. हे प्रथिन विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने जेलीसारख्या थरातून सरकविले की त्याचे पट्टे उमटतात आणि निरनिराळ्या वंशांचे पट्टे निरनिराळे दिसतात. मेक्सिकोकडच्या लागवडीच्या वाणांचे पट्टे तिकडच्याच रानटी वेलींशी जुळले आणि अँडीजकडच्यांचे अँडीजच्या रानटी वेलींशी. म्हणजे माणसाने घेवडा दोनदा माणसाळविला. दोन वेगळ्या समाजांनी, परस्परांना न विचारता. या दोन घराण्यांचा संकर केला तर कधी कधी रोपे खुरटतात, हेही पैदासकारांच्या ध्यानात आले होते. इतकी ती परस्परांपासून दूर गेली आहेत.

मग रानटी घेवडा मुळात कोठला? २०१२ साली इटालियन संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात जनुकांच्या अक्षरमालाच ताडून पाहण्यात आल्या आणि उत्तर मेक्सिको असे आले. मेक्सिकोतील रानटी वेलींत विविधता भरपूर आहे, अँडीजमधल्या वेलींत ती फार तुटपुंजी आहे. म्हणजे उत्तरेकडून मूठभर बी दक्षिणेस गेले आणि तेथे वंश वाढला. व्हाव्हिलॉव्ह यांचा पुंजीचा न्याय येथे अक्षरशः लागू पडला. १९१४ च्या नव्हे, २०१४ च्या साधनांनी घेवड्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दोन रानटी घराण्यांची फारकत सुमारे १ लाख ६५ हजार वर्षांपूर्वी झाली असावी आणि लागवड सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी सुरू झाली असावी, असा अंदाज निघाला. उत्खननात मिळालेले दाणे इतके जुने नाहीत. पेरूमधील गितार्रेरो गुहेतले दाणे सुमारे ४,३०० वर्षांचे ठरले आहेत, मेक्सिकोतले त्याहूनही अलीकडचे. जनुके आणि उत्खनन यांच्यातील ही तफावत अद्याप मिटलेली नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी मोठा दाणा, न तडकणारी शेंग, आटोपशीर झाड असे सारखेच गुण निवडले. पण ते गुण ज्या जनुकांमुळे आले ती बहुतांशी वेगवेगळी होती. समांतर बदलांचा नियम मांडणाऱ्या माणसाला हे वाचून किती आनंद झाला असता याची कल्पना करता येते.

त्यांचा सिद्धान्त सगळाच टिकला असे मात्र नाही. अबिसीनियात गहू आणि बार्ली यांची थक्क करणारी विविधता त्यांना दिसली, पण त्यांचे रानटी पूर्वज तेथे नव्हते. ते पश्चिम आशियात होते. विविधतेचे केंद्र हे दरवेळी उगमाचे केंद्र असतेच असे नाही, हे पुढे मान्य झाले. जॅक हार्लन यांनी १९७१ साली केंद्रांच्या कल्पनेचीच फेरमांडणी केली. हे हार्लन म्हणजे व्हाव्हिलॉव्ह यांच्या अमेरिकन स्नेह्याचे चिरंजीव. लहानपणी त्यांनी या रशियन पाहुण्याला आपल्या घरी पाहिले होते आणि त्यांच्याकडे शिकावयास जाण्याची स्वप्ने रंगविली होती. ते घडावयाचे नव्हते.

कारण १९३३ मध्ये व्हाव्हिलॉव्ह अमेरिकेहून परतले ते पुन्हा परदेशी जाण्यासाठी नव्हे. सक्तीच्या सामुदायिकीकरणाने शेती मोडकळीस आली होती, युक्रेनमध्ये माणसे उपासमारीने मरत होती आणि राज्यकर्त्यांना अपयशाचे धनी हवे होते. नवा वाण तयार होण्यास दहा-बारा वर्षे लागतात. १९३१ च्या सरकारी फर्मानाने ते काम चार-पाच वर्षांत करण्याचा हुकूम सोडला होता. उद्दिष्टे ठरविणारा कागद आणि उगवणारे बी यांची कालगणना एक नसते. पण हे सांगण्याची सोय नव्हती. अशा वेळी ट्रोफिम लायसेंको हा युक्रेनमधील शेतकऱ्याचा मुलगा पुढे आला. बी भिजवून थंडीत ठेवले की हिवाळी गहू वसंतात पेरता येतो, एवढ्या एका तंत्रावर त्याने चमत्कारांची आश्वासने उभारली. जनुके वगैरे भांडवलशाही थोतांड आहे, परिस्थिती बदलली की वंश बदलतो, असे तो सांगू लागला. त्याला मुदती अडचणीच्या वाटत नव्हत्या. १९३५ साली खुद्द स्टालिनने भर सभेत त्याची वाहवा केली.

येथे व्हाव्हिलॉव्ह यांच्या चरित्रकाराला अवघड वाटावे असे एक पान आहे. लायसेंकोला आरंभी हात देणाऱ्यांत ते स्वतः होते. त्याच्या तंत्राने संग्रहातील निरनिराळ्या हंगामांची झाडे एकाच वेळी फुलवून संकर करता येतील, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले होते आणि एका अशिक्षित घरातील तरुणाचा उत्साह त्यांना भावला होता. तो उदारपणा होता. पण पुरावा नीट तपासण्याआधीचा होता. त्यांना हे कळले तेव्हा उशीर झालेला होता. १९३६ च्या डिसेंबरमध्ये कृषी अकादमीत उघड वाद झाला. १९३७ मध्ये मॉस्कोत भरावयाची आनुवंशिकीची आंतरराष्ट्रीय परिषद रद्द झाली. १९३८ मध्ये लायसेंको त्या अकादमीचा अध्यक्ष, म्हणजे व्हाव्हिलॉव्ह यांचा वरिष्ठ झाला. १९३९ ची परिषद एडिंबरोला भरली. अध्यक्ष म्हणून व्हाव्हिलॉव्ह निवडले गेले होते, पण त्यांना देश सोडू दिला नाही. माघार घेऊन, एखादे कबुलीपत्र लिहून स्वतःची सुटका करून घेणारे त्या काळात पुष्कळ होते. व्हाव्हिलॉव्ह यांनी ते केले नाही.

६ ऑगस्ट १९४० रोजी पश्चिम युक्रेनमध्ये चेर्नोव्हित्सीजवळ वनस्पती गोळा करीत असताना सरकारी मोटार आली आणि त्यांना घेऊन गेली. मागे राहिलेल्या त्यांच्या पिशवीत त्या दिवशी टिपलेली गव्हाची एक दुर्मिळ जुनी जात निघाली. महिनोन्महिने रात्रीच्या जबान्या झाल्या. हेरगिरी आणि शेतीची नासधूस हे आरोप. जुलै १९४१ मध्ये काही मिनिटांच्या सुनावणीत मृत्युदंड. जर्मन फौजा मॉस्कोजवळ आल्या तेव्हा कैद्यांना साराटोव्हला हलविले गेले. ज्या शहरात तरुण प्राध्यापक म्हणून त्यांनी आपला नियम मांडला होता, तेथल्याच तुरुंगाच्या तळघरात ते आता होते. सहकैद्यांना ते वनस्पतिशास्त्रावर व्याख्याने देत. १९४२ मध्ये शिक्षा वीस वर्षांच्या कैदेवर आली आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. पत्नी येलेना बारुलिना स्वतः मसुरीच्या जाणकार संशोधक होत्या. मुलाला घेऊन त्याही साराटोव्हमध्येच आश्रयाला होत्या. पती मॉस्कोच्या तुरुंगात आहे असे समजून तिकडे खाण्याच्या पुरचुंड्या पाठवीत होत्या. २६ जानेवारी १९४३ रोजी उपासमारीने खंगून व्हाव्हिलॉव्ह यांचा मृत्यू झाला. दुष्काळ हटविण्यासाठी अडीच लाखांच्या आसपास वाण जमविणाऱ्या माणसाचा.

त्या काळात लेनिनग्राड शत्रूच्या वेढ्यात होते. संस्थेतील बियाणे तळघरात व कुलूपबंद खोल्यांत ठेवून सहकारी पाळीने पहारा देत होते. उंदरांपासून, बॉम्बपासून आणि स्वतःच्या भुकेपासून. भाताचे तज्ज्ञ दिमित्री इव्हानोव्ह, भुईमुगाचे तज्ज्ञ अलेक्झांडर श्चुकिन, ओटचा संग्रह सांभाळणाऱ्या लिलिया रोदिना आणि आणखी कित्येक जण अन्नावाचून मेले; इव्हानोव्ह यांच्या भोवती तांदळाच्या हजारो पुड्या होत्या. त्यांतील एकही उघडलेली नव्हती. त्यांचा प्रमुख कोठे आहे, जिवंत आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते.

१९४८ मध्ये सोव्हिएत संघात आनुवंशिकीवर अधिकृत बंदी आली. १९५५ मध्ये व्हाव्हिलॉव्ह निर्दोष असल्याचा निवाडा सरकारनेच दिला. लायसेंकोची सद्दी मात्र १९६४ पर्यंत टिकली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेला व्हाव्हिलॉव्ह यांचे नाव देण्यात आले. तुरुंगात त्यांनी जगाच्या शेतीचा इतिहास लिहिला होता, तो नष्ट झाला. प्रवासवर्णनाचे हस्तलिखित संस्थेतल्या सचिव बाईंनी जपून ठेवले होते. त्याची बरीच पाने गहाळ झाली होती. जी उरली ती १९६२ साली पाच खंड या नावाने प्रसिद्ध झाली.